मोफत ऑनलाइन कोर्स: तासगावच्या ताईंना सविस्तर उत्तर

तासगाव भागातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "माझं वय ५४. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण तिथंच थांबलं. अडीच एकर द्राक्षबाग आहे, तिचा सगळा हिशेब मी ठेवते. मुलं पुण्याला नोकरीला. मुलगी म्हणते, आयआयटीचे कोर्स आता घरबसल्या फुकट शिकता येतात, तू कर. माझ्यासारखीला त्याचा खरंच काही फायदा आहे का? इंग्रजी वाचता येतं, पण बोललेलं भराभर समजत नाही. आणि सर्टिफिकेटचे पैसे भरावेत का?"

ताई, फायदा आहे. मी सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं. एनपीटीईएल या आयआयटींच्या मोफत ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमाचं समन्वयाचं कामही तिथं माझ्याकडं होतं. आता निवृत्तीनंतर विश्रामबागेत आमचा एक अभ्यासगट आहे, शनिवारी संध्याकाळी जमतो. त्यात निवृत्त लाइनमन आहेत, दोन शिक्षिका आहेत, मेडिकल दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत, मिरजेचा तंतुवाद्यं बनवणारा एक तरुण आहे, तुमच्यासारख्या घर आणि शेती दोन्ही ओढणाऱ्या बायका आहेत. यांच्याबरोबर बसून जे पाहिलं त्यावरून लिहिते. आधी मोठं सांगून टाकते. फी लागत नाही हा या कोर्सचा लहान फायदा आहे. मोठा फायदा असा की तुमची मार्कशीट कुणी मागत नाही. भाषा आणि एकटेपणा हे दोन अडसर मात्र अजून वाटेत आहेत, आणि ते आपले आपल्यालाच दूर करावे लागतात.

मार्कशीटचं का म्हणते ते बघा. बारावीला आर्ट्स घेतलेल्या बाईला वयाच्या ५४व्या वर्षी मातीचं शास्त्र शिकायचं असेल तर कुठलं कॉलेज तिला वर्गात बसू देईल? शाखा बदलता येत नाही, वर्षं वाया गेली, टक्के कमी, अशी उत्तरं ठरलेली. एनपीटीईएल २००३ साली सात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीनं मिळून केंद्र सरकारच्या पैशातून सुरू केलं. आधी नुसती व्याख्यानं होती, २०१४पासून परीक्षा आणि प्रमाणपत्रही आलं. २०१७च्या जुलैत केंद्र सरकारचं स्वयम पोर्टल सुरू झालं, त्यावर आयआयटींबरोबर इग्नू, यूजीसी, आयआयएम बंगळूर यांचेही कोर्स आहेत. या दोन्हीकडं नाव नोंदवायला वयाची अट नाही आणि आधी काय शिकलात हेही आडवं येत नाही. खरगपूरच्या आयआयटीतला प्राध्यापक मातीचा सामू, म्हणजे ती आम्ल आहे की अल्कधर्मी, हे समजावून सांगतो तेव्हा समोर बीटेकची मुलं असतात आणि तासगावच्या तुम्हीही असता. दोघांना तेच व्याख्यान, तीच असाइनमेंट, तोच पेपर. माझ्या पिढीनं हे कधी पाहिलं नव्हतं.

परदेशातलंही थोडं सांगते, कारण मुलगी ती नावं सांगेल. अमेरिकेतल्या एमआयटीनं २००१ साली आपल्या वर्गांतलं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करायचं जाहीर केलं. ते आजही खुलं आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही, प्रमाणपत्रही मिळत नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं ओपनलर्न २००६पासून आहे. तिथले कोर्स बरेचसे लिखित, छोटे आणि साध्या इंग्रजीत असतात. वाचता येतं पण ऐकायला जड जातं असं म्हणणाऱ्यांना मी आधी तिकडंच पाठवते. कोर्सेरा आणि एडएक्स २०१२ साली आले आणि त्यांचा फार गाजावाजा झाला. पुढं एडएक्स २०२१ साली ८० कोटी डॉलरला एका कंपनीला विकलं गेलं आणि त्या कंपनीनं २०२४ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. या ठिकाणी फुकट मिळणारा भाग वर्षागणिक आक्रसत गेला आहे. तिथं शिकू नका असं मी म्हणत नाही, पण आयुष्यभर शिकायचं असेल तर पाया एनपीटीईएल, स्वयम, एमआयटी आणि ओपनलर्नवर ठेवा. यातलं बरंचसं साहित्य डाउनलोड करून कायमचं जवळ ठेवता येतं.

आता तुमच्याकडं वळते. बहुतेक लोक सुरुवात करताना कोर्सची यादी उघडतात, शेकडो नावं दिसतात, एखादं आकर्षक नाव बघून नोंदणी करतात आणि दुसऱ्या आठवड्यात थांबतात. माझा सल्ला उलटा आहे. यादी उघडायच्या आधी वहीत स्वतःचे प्रश्न लिहा. तुमच्या बागेतच किती आहेत! डावण्या आणि भुरी दोन्ही रोगच, मग एकाला चाललेलं औषध दुसऱ्याला का चालत नाही? फवारणीचं वेळापत्रक तुम्हाला पाठ असेल, पण त्याच्या मागचं कारण कुणी सांगितलेलं नसतं. डावण्याचा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, तो ऊमायसीट नावाच्या वेगळ्या गटातला आहे, म्हणून त्याच्यावरची औषधं वेगळी. त्याला पान ओलं लागतं. भुरीला तसं साचलेलं पाणी लागत नाही, म्हणून कोरड्या दिवसांतही ती येते. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागात १८८०च्या दशकात डावण्यावरच लागू पडलं, आणि आजही आपल्या मांडवात ते फवारलं जातं. बेदाण्याचंही तसंच. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवला की तो लवकर का वाळतो? मण्यावरचा मेणाचा थर बिघडतो आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. वनस्पतींच्या रोगांचा किंवा अन्नप्रक्रियेचा एखादा कोर्स केला की अशी कारणं एकामागून एक सापडू लागतात. कृषी सेवा केंद्रातला माणूस जे देईल ते घ्यायचं, इथून "हे कशासाठी?" असं विचारण्यापर्यंत माणूस येतो. औषधावर खर्च करणाऱ्या घरात हा फरक किती मोठा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

तरीही पहिला कोर्स रोगांचा घेऊ नका. पहिला कोर्स अर्ध्या माहीत असलेल्या विषयाचा घ्यावा. तुमच्यासाठी तो अकाउंटिंगचा. रोजकीर्द आणि खतावणी तुम्ही लिहिताच, नावानं लिहीत नसाल तर सवयीनं लिहीत असाल. इंग्रजी शब्द नवे असले तरी त्यांच्या मागची वस्तू ओळखीची असेल आणि पहिल्याच आठवड्यात जमतंय असं वाटेल. प्रौढ माणसाला सुरुवातीला याची फार गरज असते. कॉलेजच्या पोराला नापास व्हायची सवय असते, आपल्याला नसते. या विषयाचा उपयोगही लगेच दिसतो. मांडव, तारा, ठिबक संच आणि बाग उभी करण्याचा पहिला खर्च यांचा घसारा, म्हणजे वापरानं दर वर्षी घटणारी किंमत, तुम्ही दर वर्षीच्या हिशेबात धरता का? बहुतेक बागायतदार धरत नाहीत. औषध, खत, मजुरी वजा केली की उरलेला नफा समजतात, आणि बाग काढायची वेळ आली की नवा मांडव कुठून करायचा हा प्रश्न पडतो. घरच्या माणसांची मजुरी कुठं लिहिता? ओली द्राक्षं विकायची की बेदाणा करायचा, हा निर्णय किलोमागं नेमका किती खर्च आला ते माहीत असल्याशिवाय घेता येतो का? आमच्या गटातल्या एका बाईंनी कोर्स चालू असतानाच घरच्या तीन वर्षांच्या वह्या नव्यानं मांडल्या आणि नवऱ्यापुढं ठेवल्या. त्या घरात आता कर्ज काढताना वही आधी उघडतात.

पैशाशी संबंध नसलेला फायदाही आहे, आणि माझ्या मनात तो फार वरचा आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या दिवसांत प्रत्येकाच्या मोबाईलवर आकडे फिरत होते, कोयनेतून इतके क्युसेक सोडले, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून तितके सोडले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर पाणी, हेसुद्धा अनेकांना माहीत नव्हतं. घरं धुऊन झाल्यावर आमच्यातल्या काही जणांनी ठरवलं की हे समजून घ्यायचं, आणि एनपीटीईएलवरचा हायड्रॉलॉजीचा कोर्स घेतला. तो अभियांत्रिकीच्या मुलांसाठी केलेला, गणित जड. कलनशास्त्राची पानं आली की आम्ही ती ओलांडून पुढं जायचो आणि पाणलोट क्षेत्र, जमिनीत मुरणारं पाणी, अपधाव म्हणजे न मुरता वाहून जाणारं पाणी, आणि हायड्रोग्राफ या चार गोष्टी धरून ठेवायचो. हायड्रोग्राफ म्हणजे नदीचा विसर्ग वेळेनुसार कसा चढतो आणि उतरतो याचा आलेख. लाइनमन काकांनी वर्तमानपत्रांतून पुराच्या दिवसांचे कोयनेचे विसर्ग आणि आयर्विन पुलाच्या पातळ्या काढल्या आणि आलेखाच्या कागदावर एकाखाली एक मांडल्या. त्या दोन रेषा बघताना सगळे गप्प झाले होते. धरणातून पाणी सुटल्यापासून आपल्या दारात यायला मध्ये वेळ जातो. तेवढ्यात वाटेतला पाऊस त्यात मिळतो. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि वारणा सांगलीच्या लगेच खाली हरिपूरला. वारणा भरलेली असली की सांगलीतलं पाणी लवकर उतरत नाही, असं जुनी माणसं कायम सांगायची. त्याचं कारण त्या दिवशी कागदावर बोट ठेवून दाखवता आलं.

अलमट्टीच्या फुगवट्याचा, म्हणजे त्या धरणात अडलेल्या पाण्यामुळं सांगलीचा पूर वाढतो का याचा, वाद आपल्याकडं अजून पेटता आहे. कोर्सनं त्याचा निकाल लावला नाही, लावणारही नाही. पण कुणी तावातावानं बोलू लागलं की काय विचारायचं ते कळलं. त्या दिवशी धरणाची पातळी ५१९.६० मीटरच्या पूर्ण पातळीपासून किती खाली होती? आवक किती, विसर्ग किती? आकडा सकाळचा की रात्रीचा? २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा गटातल्या कुणीही एकही ऐकीव आकडा पुढं पाठवला नाही. आधी स्थळ आणि वेळ विचारायची, असं आपसूक ठरून गेलं. नदीकाठच्या गावात राहणाऱ्या माणसाला ही समज हवी, आणि ती कुठल्याही परीक्षेच्या गुणपत्रिकेत दिसणार नाही.

आता इंग्रजी. तुम्हाला वाचता येतं म्हणता, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम झालेलं आहे. व्याख्यान आधी ऐकू नका. एनपीटीईएलच्या अनेक कोर्सबरोबर व्याख्यानाचा लिखित मजकूर मिळतो, काही कोर्सचा तो मराठीतही आहे. आधी तो वाचा, अडलेले शब्द अधोरेखित करा, मग ऐका. व्हिडिओचा वेग ०.७५ करून ठेवा, खाली इंग्रजी अक्षरं चालू ठेवा. यूट्यूब ती अक्षरं आपोआप मराठीत करून देतं, पण शास्त्रीय शब्दांची फार मोडतोड होते, म्हणून अगदी अडलं तरच ते बघा.

यापेक्षा कामाची एक युक्ती आहे, आणि ती मी प्रत्येकाला आग्रहानं सांगते. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, मराठी माध्यमाचीही आणि इंग्रजी माध्यमाचीही. बारावी वाणिज्यचं पुस्तपालन व लेखाकर्म दोन्ही भाषांत उतरवा आणि तोच धडा शेजारी शेजारी ठेवून वाचा. घसारा कुठं आला, ताळेबंदाला काय म्हटलं, येणी आणि देणी कशी लिहिली, सगळं आपोआप जुळत जातं. शब्दकोश घेऊन बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, कारण इथं शब्द एकटा येत नाही, पूर्ण उदाहरणासह येतो. पुढं वनस्पतींकडं वळलात की नववी-दहावीच्या विज्ञानाची पुस्तकं अशीच वापरा. तिथं पुरलं नाही तर आपला मराठी विश्वकोश आहे. त्याचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी सातारा जिल्ह्यात वाईला उभं केलं, पहिला खंड १९७६ साली आला, आणि आज तो घरबसल्या फुकट वाचता येतो. इतकी नेटकी मराठी शास्त्रीय नोंद शोधून सापडायची नाही, आणि आपल्याच भागातल्या लोकांना हे माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

कोर्स अर्धवट राहिला तर काय, ही भीती तुम्ही लिहिली नाही, पण प्रत्येकाच्या मनात असते. हार्वर्ड आणि एमआयटीनं २०१२-१३मधल्या आपल्या पहिल्या १७ ऑनलाइन कोर्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८,४१,६८७ नोंदण्या झाल्या होत्या आणि प्रमाणपत्र ४३,१९६ जणांनी मिळवलं, म्हणजे शंभरातल्या साधारण पाचांनी. हा आकडा घेऊन पुष्कळांनी ऑनलाइन शिक्षणाला नावं ठेवली. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. जवळपास ३६ हजार लोकांनी निम्म्याहून जास्त साहित्य पाहिलं आणि प्रमाणपत्र घेतलं नाही. हे लोक मला नापास वाटत नाहीत. आमच्या मिरजेच्या तरुणाचं घ्या. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या सतार आणि तानपुरा बनतो. जवारी कशी लावायची, म्हणजे तार झंकारावी म्हणून घोडीचा माथा कसा घासायचा, ते त्याच्या हाताला बरोबर कळतं, पण घोडीच्या त्या किंचित वक्र माथ्यानं आवाजात इतके सूर का उमटतात, हा प्रश्न त्याला लहानपणापासून होता. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली नेमक्या याच विषयावर, तानपुरा आणि वीणेच्या घोडीवर, शोधनिबंध लिहिला होता हे त्याला कळलं तेव्हा त्याला झोप आली नाही. त्यानं एमआयटीचा कंपनं आणि लहरींचा कोर्स उघडला. तारेची कंपनं, मूळ स्वर आणि त्याच्या पटीतले स्वर इथपर्यंत तो आमच्या मदतीनं आला. पुढं समीकरणं झेपेनात आणि त्यानं तो सोडला. त्याला हवं ते मिळालं होतं. मोबाईलवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप लावून तो आता जवारी लावण्याआधीचा आणि नंतरचा आवाज बघतो, आणि गिऱ्हाइकाला दाखवतोही. वाचनालयात पुस्तकाचं एक प्रकरण वाचून परत केलं तर कुणी दंड करतं का? स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत चाला. मात्र कंटाळा आला म्हणून सोडणं आणि मिळालं म्हणून सोडणं यांतला फरक स्वतःशी प्रामाणिकपणे ओळखा.

शिकताना हात चालला पाहिजे. व्हिडिओ बघून झाला की शिकून झालं, असं वाटायला लागतं, आणि तिथंच फसगत होते. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एका ऑनलाइन कोर्सची नोंद तपासली तेव्हा असं दिसलं की जास्तीचं बघण्या-वाचण्यापेक्षा जास्तीचे सराव सोडवल्याचा फायदा सहापटींहून मोठा होता. तुमच्याकडं रोज एकच तास असेल तर त्यातला वीस मिनिटांचाच व्हिडिओ बघा, उरलेला वेळ वहीला द्या. व्हिडिओ बंद करून, न बघता, काय समजलं ते मराठीत लिहा. आठवत नाही तिथं जागा मोकळी सोडा. दुसऱ्या दिवशी नवा धडा उघडण्याआधी ती जागा भरा. आठवून लिहिताना त्रास होतो, आणि तेवढ्यामुळंच ते पुढं टिकतं.

साठी ओलांडलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत टेक्सासमध्ये ६० ते ९० वर्षांच्या लोकांना तीन महिने डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम असं नवं आणि अवघड काहीतरी शिकवलं गेलं. त्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. नुसत्या गप्पाटप्पा, सहली करणाऱ्या गटात तसा फायदा दिसला नाही. म्हणून तुमच्या सासूबाई किंवा वडील यांनाही सोबत घ्यायचं असेल तर त्यांना सोपं आणि नेहमीचं देऊ नका, थोडं डोकं खाजवायला लावणारं द्या.

एकटेपणाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. आपल्या भागानं शिक्षणाचा मोठा धडा शंभर वर्षांपूर्वी घेतला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. शाळेची फी माफ केली की गरिबाचं पोर शिकेल, इतका सोपा विचार त्यांनी केला नाही. ते पोर राहणार कुठं, जेवणार काय, त्याच्या शेजारी बसून अभ्यास कोण करणार, हे त्यांनी आधी पाहिलं. कमवा आणि शिका त्यातूनच आलं. ऑनलाइन कोर्सच्या बाबतीत आपण हे विसरलो आहोत. इंटरनेट दिलं, व्हिडिओ दिले, फी काढून टाकली, आणि शिकणाऱ्याला रात्री स्वयंपाकघरात मोबाईलसमोर एकटं सोडलं. हार्वर्ड-एमआयटीच्या त्या पहिल्या कोर्सला आलेल्यांत सुमारे दोन तृतीयांश लोक आधीच पदवीधर होते. ज्यांना शिकायची वाट ठाऊक होती तेच आत गेले. बाकीच्यांना कुणीतरी शेजारी हवं असतं.

म्हणून माझं मागणं असं की एकट्यानं सुरू करू नका. दोन माणसं पुरतात. तुमच्या बचत गटातली एखादी मैत्रीण, शेजारची शाळामास्तरीण, जावेची मुलगी, कुणीही. तीच नोंदणी दोघींनी करायची, आठवड्यातून एकदा समोरासमोर बसायचं आणि असाइनमेंट सोडवण्याआधी एकमेकींना धडा समजावून सांगायचा. उत्तर कॉपी करू नका, कारण इथं गुणांना काही किंमत नाही, समजावून सांगायला जमलं का एवढंच बघायचं. जागा गावातल्या वाचनालयात मागा. सांगली-सातारा भागातली वाचनालयं जुनी आहेत, त्यांच्याकडं खोल्या आहेत, संध्याकाळी त्या रिकाम्या असतात, आणि विचारलं तर बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर भागत नाही. आम्ही करून पाहिलं, तिथं महिनाभरात शुभ सकाळ सुरू होतं. समोर बसल्यावर मात्र न समजलेलं विचारावंच लागतं.

मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर मदत करेल, करू द्या. पण तिनं कोर्स निवडू नये आणि तुमच्या असाइनमेंट भरू नयेत. हे आधीच स्पष्ट बोलून घ्या.

पैशांचं आता नेमकं सांगते. नोंदणी, व्हिडिओ, असाइनमेंट हे सगळं फुकट. एनपीटीईएलची परीक्षा मात्र ऐच्छिक आहे आणि तिची फी सध्या कोर्समागं १,००० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना निम्मी. परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून द्यावी लागते. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण, पास व्हायला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३०, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात. पहिल्या कोर्सला परीक्षेचे पैसे भरू नका. विषय आवडतो का, वेळ निघतो का, हे आधी बघा. दुसऱ्या कोर्सला जरूर भरा. तुमच्या वयात प्रमाणपत्रानं नोकरी मिळणार नाही, पण परीक्षेची तारीख समोर असली की माणूस उजळणी करतो. शिवाय केंद्रावर विशीतल्या मुलांबरोबर बसून पेपर देऊन आलेल्या बायकांचे चेहरे मी पाहिले आहेत. त्या हजार रुपयांत मिळणारा तो आत्मविश्वास मला महाग वाटत नाही.

एक गोष्ट सावधपणे करा. कोर्सला नाव नोंदवलं की किंवा तशी चौकशी केली की फोन येऊ लागतात. विद्यापीठमान्य सर्टिफिकेट देतो, परीक्षा नको, अमुक हजार भरा. एनपीटीईएल किंवा स्वयम असा फोन करून पैसे मागत नाही. फी फक्त त्यांच्या अधिकृत पोर्टलवर लॉगिन करून, परीक्षेचा अर्ज भरतानाच द्यायची.

आणि पदवी हवी असेल तर हा रस्ता नव्हे. असे दहा कोर्स करूनही बीए होता येत नाही. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना स्वयमच्या कोर्सचे श्रेयांक आपल्या पदवीत धरून घेता येतात, पण त्यासाठी आधी विद्यार्थी असावं लागतं. बारावी झालेली आहे, तेव्हा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात फी भरून पदवीला प्रवेश घेता येईल. १९८९ सालचं हे विद्यापीठ, आणि ज्यांचं नाव त्याला आहे ते यशवंतराव आपल्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे. माझं मत विचाराल तर आधी एक मोफत कोर्स पूर्ण करा, अभ्यासाची बैठक बसते का ते बघा आणि मग पदवीचा विचार करा.

वेळेचं गणित तुमच्या बागेशी जुळवा. एनपीटीईएलचे कोर्स वर्षातून दोनदा सुरू होतात, जानेवारीत आणि जुलैत. जानेवारीचा तुमच्या कामाचा नाही. काढणी, व्यापारी, बेदाण्याचं शेड, एप्रिलची खरड छाटणी, यात अभ्यास होणार नाही. जुलैच्या शेवटी सुरू होणारा कोर्स घ्या, आणि बारा आठवड्यांचा न घेता आठ आठवड्यांचा निवडा. तो सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संपतो, म्हणजे ऑक्टोबर छाटणीची धांदल सुरू व्हायच्या आत मोकळ्या व्हाल. तोवर बालभारतीची दोन पुस्तकं उतरवून घ्या आणि रोज दोन पानं शेजारी शेजारी वाचायला लागा. आठ आठवड्यांच्या कोर्सात आठपैकी चांगल्या सहाच असाइनमेंट धरतात. सणवार, पाहुणे, अचानक आलेला पाऊस यांत दोन आठवडे गेले तरी तिसऱ्या आठवड्यात पुन्हा वही उघडा.